बोका, बांगडे आणि वाळूवरच्या खुणा : एका विनोदी चित्रपुस्तकाच्या परीक्षणाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, मालवण

आमच्या ग्रंथालयाच्या बालविभागाकडे परीक्षणासाठी आलेल्या विनोदी चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे छपाईपूर्वीची नमुना प्रत, आज उघडली. पुस्तक अद्याप छापलेले नाही. ते ३२ पानांचे, म्हणजे १६ पानांच्या दोन फर्म्यांचे असून चित्रे शाईची रेषा आणि जलरंग यांत केलेली आहेत; काही जोडपाने (समोरासमोरची दोन पाने) मात्र अजून पेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनांतच आहेत. छपाईपूर्वी चित्रे आणि पात्रे यांविषयी सविस्तर अभिप्राय द्यावा, अशी चित्रकर्तीची विनंती आहे. बदल करणे शक्य आहे अशा टप्प्यावर पुस्तक आमच्या हाती आले, याचे मला मोठे समाधान वाटते, कारण छापून आलेल्या पुस्तकाचे गुणदोष सांगून त्या पुस्तकाला काहीच मिळत नाही.

गोष्ट साधी आहे. आजी किनाऱ्यावर जुन्या जाळ्यावर मीठ लावलेले बारा बांगडे सुकत घालते आणि घरच्या बोक्याला राखणीला बसवून बाजारात जाते. चोर समुद्रातूनच येणार अशी बोक्याची पक्की समजूत असल्यामुळे तो समुद्राकडे तोंड करून ताठ बसतो आणि पानोपानी ‘सर्व ठीक आहे’ अशी खबर देत राहतो. त्याच्या पाठीमागे कावळा, वाळूतली कुर्ली (खेकडा), घार आणि एक भटका कुत्रा असे सगळे येऊन बांगडे नेत असतात. आजी परतते तेव्हा जाळ्यावर एकच बांगडा उरलेला असतो.

परीक्षणाला काही आधार हवा म्हणून अमेरिकेतील ग्रंथालय संघटना १९३८ पासून देत असलेल्या, चित्रपुस्तकांसाठीच्या कॅल्डेकॉट पदकाचे निकष समोर ठेवले: चित्रतंत्रातील प्रावीण्य, कथेचा चित्रांतून लावलेला अर्थ, शैलीचा विषयाशी मेळ, कथानक, पात्रे, स्थळ व भाव यांचे चित्रांतून होणारे दर्शन, आणि वाचक हा मूल आहे याची जाणीव. हे निकष उत्तम आहेत, परंतु विनोदी पुस्तकाला ते पुरे पडत नाहीत, असे माझे मत आहे. म्हणून त्यांत दोन प्रश्नांची भर घातली. हसू नेमके कोणत्या रेषेतून येते, आणि ते कोणावर येते? पुढील सर्व नोंदी या दोन प्रश्नांना धरून ठेवायच्या आहेत.

८ जानेवारी

आज आधी मजकूर कागदाने झाकून केवळ चित्रे पाहिली आणि मग चित्रे झाकून केवळ मजकूर वाचला. नुसत्या मजकुरात एका कर्तव्यदक्ष राखणदाराचा काहीसा कंटाळवाणा अहवाल आहे, तर नुसत्या चित्रांत एका चोरीची हकीकत आहे, आणि दोहोंपैकी एकातही हसण्यासारखे फारसे नाही. दोन्ही एकत्र आले की मात्र हसू आवरत नाही, कारण शब्द जे ठामपणे सांगतात ते चित्र त्याच क्षणी खोडून काढत असते. पुस्तक वाचून दाखवताना मोठ्या माणसाचे डोळे अक्षरांवर असतात आणि मुलाचे चित्रावर, त्यामुळे ज्याला अजून अक्षर ओळखता येत नाही त्याला चोरी आधी कळते आणि वाचणाऱ्याला नंतर. मोठ्यांच्या पुढे एक पाऊल असण्याचा हा आनंद लहान मुलांच्या वाट्याला सहसा येत नाही, आणि या पुस्तकाचे खरे बळ त्यातच आहे.

ही रीत जुनी आणि कसोटीला उतरलेली आहे. ज्याच्या नावाने वरील पदक दिले जाते त्या रँडॉल्फ कॅल्डेकॉट (१८४६–१८८६) या इंग्रज चित्रकाराने १८७८ पासून एडमंड इव्हान्स या मुद्रकाकडून जी रंगीत बालपुस्तके छापून घेतली, त्यांत चार ओळींच्या बडबडगीतात नसलेल्या कितीतरी घटना त्याने चित्रांतून सांगितल्या. शब्दांनी जागा सोडायची आणि चित्राने ती भरायची, हा करार तेव्हापासूनचा आहे.

आपल्या पुस्तकात हा करार तीन जोडपानांवर मोडलेला आहे. तेथे बोक्याचा आवाज थांबतो आणि कोणी तिसरेच सांगू लागते की मागून कावळा आला, पण बोक्याला तो दिसला नाही. ही वाक्ये मुलाच्या हातातला शोध काढून घेतात. शिवाय गोष्ट बोक्याच्या तोंडची असल्याने ती वाक्ये पात्राशीही विसंगत ठरतात. तिन्ही ठिकाणी ती वगळावीत, अशी पहिली सूचना लिहून ठेवली.

९ जानेवारी

पहिलीच्या वर्गात पुस्तक वाचून दाखवले. माझ्या सहकारी पानांकडे न पाहता केवळ मुलांकडे पाहत होत्या आणि कोणत्या पानावर कोण काय करते ते टिपत होत्या.

पहिल्या जोडपानावर वर्ग शांत होता. दुसऱ्यावर कावळा जाळ्याच्या कडेला उतरलेला दिसताच एका मुलीने न बोलता चित्रावर बोट ठेवले, आणि तिच्या शेजारच्याने बोक्यालाच हाक मारली, ‘‘रे बोक्या, फाटी (मागे) बघ मरे!’’ त्यानंतर प्रत्येक पानावर ही हाक साऱ्या वर्गाची झाली. ‘सर्व ठीक आहे’ हे वाक्य मुले माझ्या आधी म्हणू लागली आणि म्हणता म्हणताच हसू लागली. एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊनही हसू वाढत गेले, याचे कारण वाक्य तेच राहते आणि चित्रातला खोटेपणा मात्र प्रत्येक पानावर मोठा होत जातो.

सर्वांत जास्त वेळ हसू टिकले ते कुर्लीच्या पानावर. कुर्ली स्वतःहून मोठा बांगडा ओढत बिळाकडे नेते आणि तो बिळात मावत नाही, त्यामुळे बांगड्याची दुभंगलेली शेपटी वाळूतून उभीच्या उभी बाहेर राहते. मजकुरात याविषयी एक अक्षर नाही. नंतर येणाऱ्या दोन जोडपानांच्या कोपऱ्यातही ती शेपटी दिसत राहते. मुलांनी ती दोन्ही ठिकाणी शोधून काढली आणि मागे पान उलटून खात्रीही करून घेतली. मागे पान उलटायला लावणारे चित्र हे चांगल्या चित्रपुस्तकाचे लक्षण मी मानतो.

घारीच्या पानावर कोणीच हसले नाही. चित्र सुंदर आहे, पंखांचा विस्तार संपूर्ण जोडपानभर आहे, पण पान उलटताच घार समोर असते आणि तिची वाट पाहायला मुलाला वेळच मिळत नाही. विनोदाचा ताल चित्रपुस्तकात पान उलटण्याच्या क्षणावर ठरतो: प्रश्न उजव्या पानावर पडावा आणि उत्तर पान उलटल्यावर मिळावे. आधीच्या उजव्या पानाच्या कोपऱ्यात वाळूवर घारीची नुसती सावली यावी, असे सुचवायचे आहे.

कुत्र्याच्या पानावर एक लहानगा मागे सरकला. शेवटच्या पानावर आजी खराटा घेऊन बोक्यामागे धावते, तेथे तर हसू पार थांबले, आणि एकाने मला विचारले, ‘‘बोक्यान खाल्ल्यान नाय, मगे तेका कित्याक (का) मारता?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि पुस्तकातही ते नाही. या शेवटावर स्वतंत्र विचार करावा लागेल.

१३ जानेवारी

आजचा दिवस केवळ बोक्यासाठी ठेवला.

बहुतेक पानांवर बोका पाठमोरा किंवा एका बाजूने दिसतो, म्हणजे मुख्य पात्राचा चेहरा वाचकाला क्वचितच पुरता पाहायला मिळतो. सुरुवातीला ही उणीव वाटू शकते; परंतु चित्रकर्तीने त्याचा सारा स्वभाव पाठीच्या एका कमानदार रेषेत, ताठ मानेत आणि पायांभोवती नीट गुंडाळलेल्या शेपटीत आणला आहे, आणि तो अचूक उतरला आहे. आपल्या दशावतार या लोकनाट्यातील काळ्या वेशातल्या संकासुर या पात्राचा चेहरा झाकलेला असतो, तरी त्याच्या चालण्यावर, वळण्यावर आणि मान हलवण्यावर प्रेक्षक हसून लोटपोट होतात. देहबोलीवर विनोद उभा करण्याची ही रीत कोकणातल्या मुलांना जत्रेतल्या रंगमंचावरून आधीच परिचित आहे, त्यामुळे पाठमोरा बोका त्यांना लगेच कळला, असे मला वाटते.

कानांच्या बाबतीत मात्र एक सुंदर संधी हुकलेली आहे. मांजराला दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरवता येतात आणि मागे जरा खुट्ट झाले की मान न वळवताही कान त्या दिशेला वळतो. आपल्या बोक्याचे कान मात्र सर्व पानांवर पुढेच टवकारलेले आहेत. तोंड समुद्राकडे आणि एक कान मागे, असे दाखवले तर बोक्याच्या कानाला जे कळले आहे ते बोक्याला कळत नाही, असा आणखी एक विनोद केवळ एका रेषेच्या बदलाने मिळेल. कुर्लीच्या पानापासून एक कान हळूहळू मागे वळत जावा आणि शेवटाकडे दोन्ही कान मागे असावेत, असे सुचवले आहे.

डोळ्यांविषयी आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. भर दुपारी मांजराची बुबुळे उभ्या फटीसारखी होतात आणि उजेड कमी होताच गोल मोठी होतात. चित्रांत मात्र ती सदैव गोल आहेत. निरीक्षणाच्या दृष्टीने ही चूक आहे, पण फटीसारखे डोळे काढले तर बोका लबाड दिसू लागतो, आणि आपला बोका लबाड मुळीच नाही. तो मनापासून काम करणारा आहे. जिनिव्हाचे चित्रकथाकार रोडोल्फ ट्योप्फर यांनी १८४५ साली मांडले होते की कितीही अडाणी हाताने काढलेल्या चेहऱ्याला काही ना काही भाव असतोच आणि एखादी रेषा जराशी सरकली तरी तो बदलतो. त्यांच्या पद्धतीने मी बोक्याचे तोंड तसेच ठेवून फक्त पापण्यांची रेषा वरखाली करून पाहिली. अर्धमिटल्या पापण्यांनी बोका एकाच वेळी उन्हाने त्रासलेला आणि कामात गढलेला दिसतो, आणि बुबुळांचा प्रश्नही सुटतो. दुपारच्या पानांवर पापण्या अर्ध्या, आणि आजी परतते त्या संध्याकाळच्या पानावर प्रथमच पूर्ण उघडे गोल डोळे, असा निर्णय झाला.

१६ जानेवारी

सर्व पानांवरचे बांगडे मोजले. पान १४–१५ वर सात बांगडे आहेत आणि पान १८–१९ वर आठ. मोठ्यांच्या वाचनात ही गोष्ट सहज सुटते, पण परवा वर्गात एका मुलाने ती बोट मोडत मोजून पकडली होती: ‘‘मगाशी सात होते, आता आठ कशे झाले?’’ या पुस्तकात मोजणे हाच मुलांचा खेळ आहे, त्यामुळे एका बांगड्याची चूक ही येथे चित्राची किरकोळ चूक राहत नाही, तर गोष्टीचीच चूक होते. कोणत्या पानावर किती बांगडे आणि कोणी किती नेले, याचा तक्ता करून चित्रकर्तीला दिला.

१८ जानेवारी, दांडी किनारा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर डमी हातात घेऊन बसलो आणि एकेक पान समोरच्या वाळूशी ताडून पाहिले. विनोदी चित्रात अतिशयोक्ती असणारच. परंतु मूळ वस्तू अचूक माहीत असल्याशिवाय तिची अतिशयोक्ती करता येत नाही आणि मुलालाही ती ओळखता येत नाही. किनाऱ्यावरची मुले तर या बाबतीत फार कडक परीक्षक आहेत.

डमीच्या पहिल्या पानावर सकाळचा सूर्य समुद्रातून वर येताना दाखवला आहे. आपल्या किनाऱ्यावर सूर्य माडांच्या मागून, जमिनीच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात मावळतो, हे येथील चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. चित्र बदलणे अटळ आहे, पण ते बदलताना आम्हाला एक अडचण दिसली आणि त्या अडचणीतूनच एक उत्तम गोष्ट हाती लागली. सकाळी सूर्य पूर्वेला असल्याने सर्व सावल्या समुद्राकडे, म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसलेल्या बोक्याच्या पुढ्यात पडणार. मागून आलेल्या कावळ्याची लांब सावली बोक्याला दिसणारच, मग त्याला चोरी कळत नाही हे कसे पटावे? चित्रकर्ती आज सोबत होत्या. त्यांनी तिथल्या तिथे वहीत काढून दाखवले की बोका त्या सावलीकडेच डोळे वटारून पाहतो आहे आणि सावलीवरच पंजा रोवून तिला पकडून ठेवतो आहे, तर मागे खरा कावळा बांगडा उचलतो आहे. मूळ डमीतल्या कोणत्याही चित्रापेक्षा हे चित्र अधिक विनोदी आहे, आणि ते सूर्याची दिशा बरोबर केल्यामुळेच सुचले.

समुद्राची बाजूही ठरवून टाकली. काही पानांवर समुद्र डावीकडे आहे, काहींवर उजवीकडे, त्यामुळे बोका मधूनच फिरून बसला असा भास होतो. उत्तरेकडे तोंड करून किनारा पाहिला की समुद्र डावीकडे येतो. बोका डाव्या पानावर डावीकडे पाहत बसावा आणि चोर उजव्या पानावर असावेत. आपली लिपी डावीकडून उजवीकडे वाचली जात असल्याने नजर आधी बोक्याची खबर घेईल, मग चोरीवर जाईल आणि चोराबरोबरच पान उलटेल.

प्राण्यांविषयीच्या सूचना थोडक्यात लिहितो. कावळा पूर्ण काळा काढला आहे, पण माशांभोवती घुटमळणाऱ्या गावकावळ्याची मान राखाडी असते. घार विटकरी पंखांची आणि पांढऱ्या डोक्याची असावी, म्हणजे मुले तिला नेहमीची म्हणून ओळखतील. कुर्लीला आठ पाय आणि दोन नांग्या हव्यात, चित्रात दोन पाय कमी आहेत; शिवाय तिला लालभडक रंग दिला आहे, आणि लाल कुर्ली येथील मुलांनी फक्त कालवणात पाहिलेली असते. वाळूत धावणारी ही लहान कुर्ली वाळूच्याच फिक्या रंगाची असते आणि तिचे डोळे देठांवर उभे असतात. ते देठ जरा अधिक लांब काढले तर तेवढी अतिशयोक्ती तिला शोभून दिसेल.

बांगड्यांच्या तोंडावर हसू काढले आहे ते काढून टाकावे. या गोष्टीत बांगडे पात्र नाहीत. पोट फाडून मीठ भरलेला मासा हसताना दाखवला की कुर्लीच्या पानावरचे हसू बिघडते, कारण मग बिळात अडकलेला तो एक जीव वाटू लागतो.

२२ जानेवारी

आजीचे पात्र हा या परीक्षणातला मला सर्वांत जास्त काळजीचा वाटलेला भाग आहे. डमीत तिचे दात पडलेले आहेत, कंबर वेडीवाकडी आहे, नाक मोठे आहे, आणि तिच्या अंगावर मुंबईच्या कोळीनृत्यांत दिसतो तसा ठरावीक पोशाख आहे. तिला पाहून हसू यावे अशी योजना स्पष्ट दिसते, पण ते हसू तिच्या म्हातारपणावर आणि देहावर येते, तिच्या करण्यावर नव्हे. ज्या मुलांच्या घरी हीच कामे करणाऱ्या आज्या आहेत त्यांच्यापुढे असे चित्र ठेवणे मला मान्य नाही.

आमच्या किनाऱ्यावर गाबीत या मच्छीमार समाजातील ज्या वृद्ध स्त्रिया मासे सुकवतात, त्यांच्या हालचालींत विनोदाला भरपूर जागा आहे आणि त्यात त्यांचा मान कुठेही कमी होत नाही. साडीचा पदर खोचून, उन्हासाठी डोक्यावर टॉवेल टाकून त्या बांगडे इतक्या झपाट्याने मांडतात की हात दिसेनासे व्हावेत. मग सारे मांडून झाल्यावर एखादा तिरका पडलेला बांगडा पाहून परत येतात आणि तो सरळ करूनच जातात. आजीचा हा काटेकोरपणा पहिल्या पानावर दाखवला तर ती तत्काळ एक व्यक्ती होते आणि तिच्या घरच्या बोक्याला आपल्या कामाचा एवढा अभिमान का आहे, हेही न सांगता कळते. दोघांच्या पाठीचा ताठपणा एकाच रेषेने काढावा, म्हणजे बोका हा आजीच्याच वळणावर गेला आहे हे मुलांच्या लक्षात येईल. बाजारात ती गजाली (गप्पा) करत उशीर लावते, ते पान मात्र जसे आहे तसेच ठेवावे. ते फार जिवंत आहे.

२५ जानेवारी, पिंगुळी

पात्र पानोपानी तेच दिसले पाहिजे, या मुद्द्यासाठी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाची चित्रकथी पाहिली. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यामुळे तिचे नाव आता दूरवर पोहोचले आहे. सुट्या कागदांवर काढलेल्या चित्रांचा एका कथेचा संच म्हणजे पोथी. कथा सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि गात जातो. म्हणजे शब्द कानांनी आणि चित्र डोळ्यांनी घेण्याची सवय आपल्या भागात चित्रपुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आहे.

येथे पात्राची ओळख चेहऱ्याच्या बारकाव्यांवर नसते, तर मोठ्या डोळ्यांची, एका बाजूने काढलेली मुद्रा, मुकुट, वेश आणि ठाशीव बाह्यरेषा यांवर असते, त्यामुळे शंभर माणसांच्या मागे बसलेल्यालाही कोण कोण आहे ते कळते. आपल्या बोक्याच्या अंगावरचे पिवळे पट्टे प्रत्येक पानावर वेगळे पडले आहेत. पट्टे तीनच असावेत, त्यांची जागा पक्की असावी आणि एका कानाला खाच असावी, एवढ्या खुणांनी तो कितीही लहान काढला तरी ओळखू येईल.

२८ जानेवारी

शेवटाविषयी चित्रकर्तीशी प्रदीर्घ चर्चा झाली. खराट्याचा शेवट जुन्या विनोदी गोष्टींत सर्रास आढळतो आणि त्यावर मुले हसतातही, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे आहे. परंतु मार खाणाऱ्याने काही लबाडी केलेली असते तेव्हा ते हसू येते. येथे मुलांनी बोक्याला आपल्या डोळ्यांनी निर्दोष पाहिले आहे, त्यांनी त्याला हाका मारून सावधही केले आहे, आणि ती सर्व जण त्याच्या बाजूची साक्षीदार झालेली आहेत. साक्षीदारांची साक्ष न घेता शिक्षा दिली तर त्यांना राग येणारच.

मार्ग चित्रकर्तींनीच काढला, आणि तो त्यांनी वाळूतून काढला. आजी परत येते, रागावून खराटा उचलते आणि मग खाली पाहते. जाळ्याभोवती साऱ्यांच्या खुणा उमटलेल्या आहेत: पुढे तीन आणि मागे एक बोट असलेले कावळ्याचे पाय, कुर्लीच्या टोकदार पायांच्या ठिपक्यांच्या रांगा आणि बिळापर्यंत गेलेली ओढल्याची चर, घारीच्या पंखांनी उडालेली वाळू. बोक्याच्या पंजांचे ठसे मात्र फक्त घराकडून त्याच्या जागेपर्यंत आहेत. तेथून पुढे एकही नाही, कारण तो दिवसभर हललाच नाही. या जोडपानावर शब्द नसावेत, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी सुचले. खटला वाळूवर लिहिलेला आहे आणि तो वाचण्यासाठी अक्षर येण्याची गरज नाही.

येथे एक तांत्रिक शंका मी नोंदवली. कोरड्या भुसभुशीत वाळूत कावळ्याची बोटे स्पष्ट उमटत नाहीत, नुसते खळगे पडतात. ओलसर वाळूत मात्र ठसे स्वच्छ येतात. बांगडे भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूतच सुकवतात, त्यामुळे काटेकोरपणे पाहता चित्र पूर्ण खरे नाही. तरीही ही सवलत घ्यावी, असे मी सुचवले. सूर्याची दिशा आणि कुर्लीचे पाय यांत सवलत नको होती, कारण तेथे चुकीमुळे काहीच मिळत नव्हते. येथे ठसे जरा ठळक केल्याने मुलाच्या हाती निकाल येतो. बोक्याच्या ठशांत नखे काढू नयेत, मांजर चालताना नखे आत घेते, एवढे मात्र पाळावे.

कुत्र्याचे पान वगळावे, असेही आज ठरले. इतर चोर आपापल्या स्वभावाने विनोदी आहेत. कुत्रा केवळ दात दाखवतो. त्याची जागा या नव्या निःशब्द जोडपानाला मिळेल आणि त्याच्या नावावरचे बांगडे कावळ्याच्या खात्यावर टाकता येतील.

४ फेब्रुवारी

छपाईच्या दृष्टीने पाने तपासली. पुस्तक पिन बांधणीचे असल्याने १६–१७ हे मधले जोडपान एकाच सलग कागदाचे येते. घारीचा पंखविस्तार तेथे हलवावा, म्हणजे मधल्या घडीत पंख तुटणार नाही, आणि तिची सावली पान १५ वर येईल. इतर जोडपानांवर दोन ठिकाणी बोक्याचे तोंड नेमके घडीत गेले आहे, ते डावीकडे सरकवावे. चारही रंगांच्या छपाईत अक्षरे फक्त काळ्या रंगाच्या प्लेटवर (छपाईच्या पत्र्यावर) असावीत, म्हणजे पुढे मालवणी आवृत्ती काढताना केवळ तेवढी एक प्लेट बदलावी लागेल. ‘खर्रर्र’ आणि ‘फडफड’ ही रंगीत अक्षरे चित्रातच रंगवलेली आहेत, ती वेगळी करावी लागतील. बांगड्यांची चंदेरी झाक पडद्यावर सुरेख दिसते, पण चार रंगांच्या शाईत ती करडी होऊन जाते. पांढरा कागद कोरा सोडून ती साधावी, आणि कागद चकाकणारा नको, कारण वर्गात खिडकीजवळच्या मुलाला चकाकीमुळे अर्धे चित्र दिसत नाही.

१२ फेब्रुवारी

सुधारलेली रेखाटने घेऊन दुसऱ्या एका वर्गात वाचन झाले. सावलीवर पंजा ठेवणाऱ्या बोक्यावर मुले एवढी हसली की पुढचे पान उलटायला थांबावे लागले. पान १५ च्या कोपऱ्यात घारीची सावली दिसताच दोघांनी हात वर करून वर छताकडे पाहिले, आणि पान उलटल्यावर घार दिसताच सारा वर्ग ओरडला. पहिल्या वाचनात निःशब्द गेलेले हे चित्र तेच आहे, फक्त त्याची वेळ बदलली आहे. मागे वळलेला कान निम्म्या मुलांनी पाहिला, निम्म्यांनी नाही, आणि ज्यांनी पाहिला त्यांनी इतरांना दाखवला.

वाळूवरच्या खुणांच्या पानावर मी काहीच बोललो नाही, फक्त पुस्तक खाली जमिनीवर ठेवले. मुले त्यावर ओणवी झाली आणि प्रत्येक खुणेशी चोराचे नाव जोडू लागली. बोक्याचे ठसे पुढे का नाहीत, हा प्रश्न त्यांनीच काढला आणि उत्तरही त्यांनीच दिले. त्यानंतरच्या पानावर आजी उरलेला एक बांगडा बोक्यापुढे ठेवते आणि बोका राखणदार असल्याने तो खायला नकार देतो, तेथे हसू आणि आक्षेप दोन्ही एकदम आले. काहींना त्याने तो खायलाच हवा होता. हे मतभेद पुस्तकात राहू द्यावेत, असे मी अभिप्रायात लिहिले आहे.

एक गोष्ट अद्याप उरली आहे. खुणांच्या जोडपानावर कुर्लीच्या ठिपक्यांच्या रांगा फार फिक्या असून मागच्या बाकावरच्या मुलांना त्या दिसल्या नाहीत. रेषा जाड करण्याऐवजी वाळूचा रंग एक छटा गडद करावा, असे सुचवून संपूर्ण अभिप्राय आज चित्रकर्तींकडे पाठवला, आणि १६–१७ व खुणांचे पान या दोन्हींचे प्रूफ प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच काढून आणावे, अशी विनंती सोबत जोडली.